केसभर फटीचा हिशेब

आपल्या घरांमध्ये दाटपणाला फार मान आहे. दूध दाट असेल तर गवळी प्रामाणिक, वरण दाट असेल तर यजमान दिलदार. पातळ हा शब्द आपण बहुधा तक्रारीच्या सुरातच उच्चारतो. बँकेच्या नोकरीत असताना हाच समज मी एका मोटारीच्या इंजिनापर्यंत नेला आणि त्याची चांगली किंमत मोजली.

१९९१ साली मी साताऱ्याच्या शाखेत होतो. एक जुनी मोटार घेतली होती. इंजिन थकले म्हणून गावातल्या मिस्त्रींकडून ते पूर्ण उघडून नव्याने बांधून घेतले. गाडी ताब्यात देताना त्यांनी बजावले की बेअरिंगे नवी आहेत, घट्ट बसवली आहेत, तेव्हा पुस्तिकेत लिहिले आहे तेच तेल घाला, त्याहून दाट नको. मी मान डोलावली आणि पुढच्याच आठवड्यात परस्पर तेल बदलून टाकले. दुकानात दोन डबे समोर होते. एक पातळ तेलाचा, एक दाट तेलाचा आणि महागही. एवढा खर्च केलेल्या इंजिनाला हलके तेल कशाला, असा माझा हिशेब. डिसेंबरात आम्ही सहकुटुंब महाबळेश्वरला गेलो. सूर्योदय चुकू नये म्हणून पहाटेच्या कडाक्यात गाडी सुरू केली आणि लगेच दामटली. परतताना पसरणीच्या घाटात इंजिनातून ठोके येऊ लागले.

मिस्त्रींनी बेअरिंगचा अर्धगोल शेल काढून माझ्यासमोर ठेवला. वरचा राखाडी मुलामा उडून खालचे तांबे दिसत होते. ते रागावले नाहीत. केसाहून बारीक फटीत थंडीतली काकवी वेळेवर शिरत नाही, इतकेच त्यांनी समजावले. दोन महिन्यांचा पगार गेला, आणि सौ.ने पुढे कित्येक वर्षे दाट वरण वाढताना मला त्या तेलाची आठवण करून दिली.

निवृत्तीनंतर एका कादंबरीसाठी गॅरेजमधल्या जगाची माहिती जमवत होतो. तेव्हा कळले की मिस्त्रींनी एका वाक्यात सांगितलेली गोष्ट कागदावर प्रथम मांडली ती मँचेस्टरच्या एका विसराळू प्राध्यापकाने, १८८६ साली. त्यांचे नाव ऑस्बर्न रेनॉल्ड्स. इंजिनिअरिंगच्या प्रत्येक विद्यार्थ्याला हे नाव परीक्षेपुरते पाठ असते. त्यामागचा माणूस मात्र फारसा कोणाला भेटत नाही.

धर्मगुरूचा मुलगा

रेनॉल्ड्स यांचा जन्म २३ ऑगस्ट १८४२ रोजी आयर्लंडमधल्या बेलफास्टचा. वडील धर्मगुरू आणि शाळेचे मुख्याध्यापक. कुटुंब लवकरच इंग्लंडमध्ये एसेक्स परगण्यातल्या डेडहॅम गावी आले. वडील गणितात पारंगत होते आणि त्यांना यंत्रांचा नाद होता. शेतीच्या अवजारांत सुधारणा करून त्यांनी पेटंटेही घेतली होती. प्रवचन आणि पाना एकाच घरात नांदत होते म्हणायचे. मुलाचे सुरुवातीचे शिक्षण वडिलांनीच केले, आणि यंत्रांची ओढ आपल्याला त्यांच्याच सहवासात लागली, याची कृतज्ञ नोंद मुलाने पुढे करून ठेवली.

त्या काळी बुद्धिमान मुलगा थेट विद्यापीठात जाई. रेनॉल्ड्स आधी कारखान्यात गेले. १८६१ साली स्टोनी स्ट्रॅटफर्ड येथे एडवर्ड हेज यांच्या कारखान्यात त्यांनी उमेदवारी पत्करली. यंत्राचा भाग नकाशात जितका गुळगुळीत दिसतो तितका हातात लागत नाही, हे वर्कशॉपमध्ये लवकर कळते. मग त्यांना प्रश्न पडू लागले. हे असे का होते, याचे उत्तर फक्त हाताला सापडेना, म्हणून ते गणित शिकायला केंब्रिजच्या क्वीन्स कॉलेजात दाखल झाले आणि १८६७ साली सातवे रँग्लर म्हणून बाहेर पडले. रँग्लर म्हणजे काय हे मराठी वाचकाला सांगायला नको. १८९९ साली आपले रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे त्याच परीक्षेत सर्वप्रथम आले होते.

१८६८ साली मँचेस्टरच्या ओवेन्स कॉलेजात इंजिनिअरिंगचे अध्यासन निघाले. कापडगिरण्यांचे आणि वाफेच्या इंजिनांचे ते शहर, आणि अध्यासनाला तिथल्या कारखानदारांनीच पैसा उभा केलेला. पंचविशीतल्या रेनॉल्ड्स यांची तिथे निवड झाली. त्याच वर्षी त्यांचा विवाह झाला आणि एका वर्षातच पत्नी शार्लट वारल्या. नव्या शहरात, नव्या नोकरीत हा घाव घेऊन ते उभे राहिले. दुसरा विवाह त्यांनी केला तो थेट १८८१ साली. मधल्या बारा वर्षांत धूमकेतूंच्या शेपट्यांपासून जहाजांच्या पंख्यांपर्यंत जे दिसेल त्याच्यामागे हा माणूस लागलेला दिसतो. कामात स्वतःला बुडवून घेणे म्हणजे काय, हे आपल्यापैकी अनेकांनी आपापल्या घरात पाहिले असेल.

विसराळू गुरुजी

शिक्षक म्हणून ते कसे होते, हे त्यांच्या एका विद्यार्थ्याने लिहून ठेवले आहे. तो विद्यार्थी चौदाव्या वर्षी ओवेन्स कॉलेजात आला होता. पुढे १८९७ साली त्याने इलेक्ट्रॉनचा शोध लावला. ते जे. जे. थॉमसन.

तासाची वेळ व्हायची, मुले बसलेली असायची आणि गुरुजींचा पत्ता नसायचा. दहा मिनिटे वाट पाहून मुले शिपायाला पाठवत. मग अंगावर झगा चढवत रेनॉल्ड्स धावत येत, टेबलावरचे रँकिनचे पुस्तक कुठेतरी उघडत, त्यातले एखादे सूत्र पाहत आणि ते चुकीचे आहे असे जाहीर करत. ते सिद्ध करण्यासाठी फळ्याकडे तोंड आणि वर्गाकडे पाठ करून, स्वतःशीच पुटपुटत लिहू लागत. मध्येच सगळे पुसून टाकत, पुन्हा नव्याने सुरुवात करत. तास संपता संपता एक ओळ न पुसता राहायची, आणि तिच्यावरून निघायचे ते हेच, की रँकिनचेच बरोबर होते. एकदा त्यांनी मोजपट्टीसारखी सरकपट्टी काढून तीन गुणिले चार करून दाखवले. उत्तर आले ११.८. मुले हसली. आपल्या कामापुरते हे पुरेसे जवळ आहे, असे सांगून ते शांतपणे पुढे गेले.

हसण्यावारी नेण्यासारखी ही गोष्ट नाही. माझ्या बँकेत ११.८ ला बारा म्हटले असते तर दुसऱ्या दिवशी ऑडिटर दारात उभा राहिला असता. पण किती अचूकता कुठे लागते, हे ओळखणे हाही हिशेबच आहे. जिथे सहस्रांश इंचाने फरक पडतो तिथे हाच माणूस केसाचीही सवलत देणार नव्हता.

१८८३ साली त्यांनी काचेच्या नळीतून पाणी सोडून त्यात रंगाची बारीक धार घातली. पाणी सावकाश असताना धार सुतासारखी सरळ जाते. वेग वाढला की एका ठराविक टप्प्यावर ती विस्कटते आणि सगळे पाणी रंगते. हा टप्पा ज्या आकड्यावरून ओळखता येतो त्याला आज जग रेनॉल्ड्स नंबर म्हणते. त्यांची ख्याती मुख्यतः यावर आहे. आपल्याला मात्र जायचे आहे तेलाकडे, आणि ती गोष्टही सुरू होते त्याच वर्षी.

बूच उडाले

यंत्रात फिरणारा दांडा ज्याच्यात टेकतो ते बेअरिंग. दोघांमध्ये तेल घालतात ते घर्षण कमी व्हावे म्हणून, हे बैलगाडीच्या आसाला वंगण लावणाऱ्या शेतकऱ्यालाही पूर्वापार ठाऊक होते. पण तेल नेमके करते काय, हे कोणालाच सांगता येत नव्हते. तेल धातूला बुळबुळीत करते, एवढ्यावरच समज थांबत असे. रेल्वेचे वेग वाढले, आस तापू लागले, तेव्हा ब्रिटनमधल्या मेकॅनिकल इंजिनिअरांच्या संस्थेने बीचम टॉवर नावाच्या इंजिनिअराला प्रयोग करायला सांगितले.

टॉवर यांनी चार इंच व्यासाचा दांडा तेलात बुडता ठेवून फिरवला आणि त्याच्यावर पितळेचे अर्धे बेअरिंग वजनाने दाबून बसवले. मध्यंतरी, वरून तेल घालायची सोय असावी म्हणून त्यांनी बेअरिंगच्या माथ्याला अर्ध्या इंचाचे भोक पाडले. यंत्र सुरू केले तर तेल आत जाण्याऐवजी त्या भोकातून वर येऊन वाहू लागले. त्यांनी बूच मारले. बूच हळूहळू वर सरकत बाहेर पडले. लाकडाची खुंटी ठोकली, तीही बाहेर आली. मग त्यांनी तिथे दाबमापक लावला. बेअरिंगवरचा सरासरी भार चौरस इंचाला सुमारे १०० पौंड होता, आणि काटा २०० च्याही पलीकडे गेला. याचा अर्थ, दांडा आणि पितळ एकमेकांना शिवतच नव्हते. सगळा भार तेलाच्या एका अदृश्य पापुद्र्यावर तरंगत होता.

टॉवर यांनी हे पाहिले आणि प्रामाणिकपणे नोंदवले. हा दाब येतो कुठून, याचे उत्तर मात्र रेनॉल्ड्स यांनी दिले.

त्यांचे म्हणणे थोडक्यात असे. दांडा बेअरिंगच्या भोकापेक्षा किंचित लहान असतो, असावाच लागतो. भार पडला की तो मधोमध न राहता थोडा एका बाजूला सरकतो. त्यामुळे दोघांमधली फट सगळीकडे सारखी राहत नाही. एका बाजूला रुंद, दुसऱ्या बाजूला अरुंद अशी निमुळती होते. तेल दांड्याला चिकटलेले असते, म्हणून फिरणारा दांडा ते स्वतःबरोबर रुंद तोंडातून अरुंद गळ्याकडे ओढत नेतो. संध्याकाळी सहा वाजता दादरच्या पुलावर काय होते ते आठवा. रुंद रस्त्यावरून येणारी गर्दी जिन्याच्या अरुंद तोंडाशी आली की माणसे कडेच्या कठड्यांना रेटू लागतात. तेलाचेही तसेच होते. त्या रेट्यानेच दांडा उचलला जातो.

हा रेटा किती होईल, हे तीन गोष्टींवर ठरते. तेल किती दाट, दांडा किती वेगाने फिरतो, आणि फट केवढी. पहिल्या दोन गोष्टींचा हिशेब सरळ व्याजाचा आहे. तेल दुप्पट दाट तर रेटा दुप्पट. फटीचा हिशेब मात्र वर्गाचा आहे. फट दुप्पट झाली तर बेअरिंगचा तोच समतोल राखायला तेल चौपट दाट लागते. टॉवर यांच्या नोंदींमध्ये भार होता, वेग होता, घर्षण होते. ज्या फटीवर सगळे अवलंबून होते ती मोजण्याची गरज तेव्हा कोणाला वाटली नव्हती. रेनॉल्ड्स यांनी उरलेल्या आकड्यांवरून ती फट उलट्या गणिताने काढली. ती इंचाच्या हजाराव्या भागाच्या आसपास निघाली. खतावणी जुळत नसताना उरलेल्या नोंदींवरून हरवलेली रक्कम शोधून काढणारा एक हेडकॅशियर मी पाहिला आहे. हे वाचताना मला त्यांचीच आठवण झाली.

ते एवढ्यावर थांबले नाहीत. टॉवर यांच्या प्रयोगात ऑलिव्हचे तेलही वापरले होते. ते तापले की किती झपाट्याने पातळ होते, हे रेनॉल्ड्स यांनी बारीक नळीतून तेल सोडून स्वतः मोजले आणि त्याचे सूत्र मांडले. पितळ आणि लोखंड उष्णतेने कमीअधिक फुगतात, म्हणून यंत्र तापल्यावर फटही बदलते, याचाही त्यांनी विचार केला. म्हणजे तेल आणि फट ही जोडी आहे, आणि ती थंडपणी एक असते व तापल्यावर दुसरी, हे सगळे १८८६ च्या त्या निबंधात आले. पेट्रोलवर चालणारी मोटार तेव्हा नुकती जन्माला येत होती.

अर्ध्या थाऊचा फरक

आज वेगवान इंजिने बांधणारा माणूस, मग तो शर्यतीच्या मोटारीचा असो की घाट चढणाऱ्या मोटारसायकलचा, कळत नकळत याच निबंधाच्या आधारे काम करतो. जुना ठोकताळा असा, की दांड्याच्या व्यासाच्या दर इंचामागे एक थाऊ, म्हणजे इंचाचा हजारावा भाग, इतकी फट ठेवावी. दोन इंचाच्या क्रँकला दोन थाऊ. डोक्यावरचा एक केस साधारण तीन थाऊ जाड असतो, यावरून अंदाज यावा. शर्यतीच्या इंजिनात क्रँक प्रचंड वेगाने फिरताना वाकतो, इंजिनाचा सांगाडाही पिळवटतो. म्हणून बांधणारे थोडी जास्त फट सोडत आले. मोठ्या फटीतून तेल अधिक वाहते आणि उष्णताही बरोबर नेते. पण या उदारतेची किंमत असते. दोन थाऊची फट अडीच केली तर रेनॉल्ड्स यांच्या वर्गाच्या हिशेबाने तेल दीडपटीहून अधिक दाट लागते. म्हणजे ३० नंबरचे मधले तेल चालत होते तिथे ५० नंबरच्या उंबरठ्यावर जावे लागते. शर्यतीवाल्यांच्या गॅरेजमध्ये वर्षानुवर्षे २०डब्ल्यू-५० सारख्या दाट तेलांचे डबे दिसत ते यामुळे.

उलट बाजूही आहे. फट सैल आणि तेल पातळ असेल तर ते कडेने निसटते. फट दुप्पट झाली तर त्याच दाबाखाली आठपट तेल वाहून जाते. पंप पुरा पडत नाही, दाबाचा काटा खाली येतो आणि धातू धातूला भिडतो. फट घट्ट आणि तेल दाट असेल तर तेल पोहोचायला उशीर होतो, घुसळण्यात ताकद वाया जाते, आणि घुसळून तापलेले तेल शेवटी पातळच होते. माझ्या गाडीत पहाटे झाले ते हेच. ४० अंश तापमानाला असलेले २०डब्ल्यू-५० तेल १०० अंशांवर गेले की सुमारे आठपट पातळ होते. तेव्हा डब्यावरचा आकडा एकटा काहीच सांगत नाही. धावताना तेल किती तापणार, हे आधी पाहावे लागते.

गेल्या काही दशकांत घडणावळ इतकी नेमकी झाली, सांगाडे इतके ताठ झाले, की फटी पुन्हा कमी ठेवता येऊ लागल्या आणि त्यांच्याबरोबर तेलेही पातळ झाली. आजच्या अनेक मोटारींत ०डब्ल्यू-२० हे पाण्यासारखे वाटणारे तेल घालायला सांगतात. ते पाहून माझ्या पिढीतली मंडळी हळहळतात, आणि काहीजण मी केले तेच करतात. जाणते मिस्त्री आधी फट मोजतात. मेणासारख्या मऊ धाग्याचा तुकडा बेअरिंगमध्ये ठेवून ते आवळतात, पुन्हा उघडतात आणि धागा किती चपटा झाला यावरून थाऊ सांगतात. डब्याची निवड त्यानंतर. थकलेल्या, सैल झालेल्या जुन्या इंजिनाला थोडे दाट तेल आधार देते हे खरे. पण तो वार्धक्यातला काठीचा आधार आहे. तरुण इंजिनाला काठी दिली तर ते अडखळते.

शेवटची वर्षे

रेनॉल्ड्स यांना १८७७ साली रॉयल सोसायटीचे सदस्यत्व आणि १८८८ साली तिचे रॉयल मेडल मिळाले. कुतूहल अखेरपर्यंत तसेच होते. समुद्रावर ओल्या वाळूत पाऊल टाकले की पावलाभोवतीची वाळू क्षणभर कोरडी दिसते, हे आपण हर्णैला, गणपतीपुळ्याला कितीदा पाहतो. ते का होते, हे त्यांनी १८८५ साली सांगितले. दाबाने वाळूचे कण एकमेकांपासून सरकतात, मधल्या फटी वाढतात आणि पाणी आत शोषले जाते. इथेही फटच.

पुढे या कणांच्या कल्पनेने त्यांना झपाटले. सगळे विश्वच अशा सूक्ष्म कणांचे भरलेले आहे, असा सिद्धांत त्यांनी १९०३ साली मांडला. तो जगाला पटला नाही आणि टिकलाही नाही. १९०४ सालचे त्यांचे तैलचित्र आहे. त्यात गोळ्यांनी भरलेले भांडे हातात घेऊन ते उभे आहेत. त्यानंतर त्यांची बुद्धी मंदावत गेली. १९०५ साली ते निवृत्त झाले आणि सॉमरसेटमधल्या वॉचेट या समुद्रकाठच्या गावी २१ फेब्रुवारी १९१२ रोजी वारले. वय ६९.

त्यांना कळले की नाही कोण जाणे, पण त्यांचे समीकरण तेव्हा कामाला लागले होते. १९०४ साली जर्मनीत सोमरफेल्ड यांनी त्यावरून बेअरिंगचे गणित पुढे नेले. अमेरिकेतल्या मोटार इंजिनिअरांच्या संस्थेने १९११ साली तेलांना दाटपणाचे नंबर दिले. डब्यांवर आजही आपण वाचतो ते आकडे त्याच घराण्यातले. ज्या वर्षी रेनॉल्ड्स गेले त्याच १९१२ साली अमेरिकेतल्या होल्टवूड येथे किंग्जबरी यांचे बेअरिंग वीजनिर्मितीच्या अजस्र यंत्राखाली बसले. त्याचा सारा भार तेलाच्या पापुद्र्यावर आला.

साताऱ्याचे मिस्त्री आता नाहीत. त्यांनी रेनॉल्ड्स हे नाव ऐकले नसावे. त्यांनी काढलेला तो तांबडा पडलेला शेल मात्र मी टाकला नाही. लिहायच्या टेबलावर कागद उडू नयेत म्हणून ठेवला आहे. परवा धाकटा नातू विचारत होता की हे काय. सांगितले, की यंत्राचे दोन भाग एकमेकांत मुरून गेले तर यंत्र बंद पडते, फार दुरावले तरी बंद पडते. मध्ये किती अंतर हवे ते आधी मोजावे, आणि मग त्या अंतराला शोभेल असे तेल घालावे. त्याने विचारले, आजोबा, तुम्ही मोजले नव्हते का? सौ. आतून हसल्याचे मला स्पष्ट ऐकू आले.